मोटारसायकलवरून परदेश प्रवास: विमा निवडताना आधी काय वाचावे

प्रश्न थोडक्यात असा आहे. दोघे जण मिळून सहा आठवड्यांचा मोटारसायकल प्रवास करणार आहेत. त्यातला निम्मा भाड्याच्या गाडीवर आणि निम्मा स्वतःच्या गाडीवर होईल. वाटेत चार हजार मीटरपेक्षा उंच घाट आहेत. समोर प्रवास विम्याच्या दोन पॉलिसी आहेत, त्यांपैकी एकीची वैद्यकीय खर्चाची मर्यादा दुसरीच्या दुप्पट आहे आणि हप्ता मात्र थोडाच जास्त आहे. तेव्हा मोठ्या मर्यादेची पॉलिसी घेणेच शहाणपणाचे नाही का?

मी बरीच वर्षे अशा दाव्यांच्या कागदपत्रांची छाननी केली आहे आणि स्वतःही मोटारसायकलवरून सीमा ओलांडल्या आहेत. एवढ्या माहितीवर या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही, असेच मला प्रामाणिकपणे सांगावे लागेल. मर्यादेचा आकडा हा पॉलिसीत सगळ्यात शेवटी पाहायचा आकडा आहे. माझ्या हाताखालून गेलेल्या मोटारसायकलच्या दाव्यांत रक्कम अपुरी पडली म्हणून अडलेला दावा क्वचितच होता. जे नामंजूर झाले ते बहुतेक दुचाकीसंबंधीच्या एखाद्या अटीत अडकले होते, आणि ती अट पाळली गेली नसेल तर वरची मर्यादा कितीही मोठी असली तरी हातात काही पडत नाही.

आधी एक गोंधळ दूर करायला हवा. ‘प्रवास विमा’ या नावाखाली जे विकले जाते त्यात प्रामुख्याने तुमच्या शरीराची काळजी असते: अपघात किंवा आजारपणातले उपचार, रुग्णालयातला मुक्काम, तुम्हाला मायदेशी परत आणण्याचा खर्च, आणि त्याच्या जोडीला रद्द झालेला प्रवास, हरवलेले सामान अशा गोष्टी. मोटारसायकलचे नुकसान त्यात येत नाही. मोटारसायकल चालवताना तुमच्यामुळे दुसऱ्याला झालेली इजा किंवा दुसऱ्याच्या गाडीचे नुकसानही जवळजवळ कधीच येत नाही. पॉलिसीत ‘वैयक्तिक दायित्व’ असे एक कलम दिसते आणि त्याची मर्यादाही भरघोस असते, त्यामुळे वाचणाऱ्याची हमखास फसगत होते; पण त्याच कलमाच्या पोटात खाली ‘यांत्रिक वाहनाची मालकी, ताबा किंवा वापर यांतून उद्भवणारे दायित्व वगळून’ अशा अर्थाचे वाक्य असते. म्हणजे हॉटेलच्या खोलीतला आरसा फुटला तर विमा आहे, पण पादचाऱ्याला धडक बसली तर नाही. तेव्हा तुम्हाला एक विमा निवडायचा नसून तीन जुळवायचे आहेत: स्वतःच्या शरीराचा, तिसऱ्या पक्षाचा (म्हणजे तुमच्यामुळे ज्याचे नुकसान होईल त्याचा) आणि गाडीचा. यांपैकी पहिलाच प्रवास विमा आहे, आणि पुढचे बरेचसे विवेचन त्याच्याविषयी आहे.

दुचाकीसंबंधीच्या अटी पॉलिसीत एका जागी सापडत नाहीत. काही व्याख्यांमध्ये असतात, काही ‘समाविष्ट क्रीडा व उपक्रम’ या यादीत, काही सर्वसाधारण अपवादांत आणि काही दायित्वाच्या कलमात. माहितीपत्रकावर ‘मोटारसायकलिंग समाविष्ट’ असे छापलेले असले तरी व्याख्येत मोटारसायकल म्हणजे १२५ सीसीपर्यंतचे दुचाकी वाहन असे असू शकते. ही १२५ सीसीची रेघ पुष्कळ पॉलिसींत आढळते, आणि तिच्यापलीकडे जायचे तर वेगळा हप्ता भरून जोडकलम घ्यावे लागते किंवा ती सोयच नसते. एका दाव्यात भाड्याच्या पावतीवर नुसते ‘स्कूटर’ असे लिहिलेले होते आणि चालवणाऱ्याने इंजिनाचा विचारही केलेला नव्हता. नोंदणीपत्र मागवल्यावर ते सुमारे १५० सीसीचे निघाले, पॉलिसीची मर्यादा १२५ ची होती, आणि मोडलेल्या पायाच्या शस्त्रक्रियेचा सगळा खर्च त्याच्यावर पडला. म्हणून भाड्याची गाडी घेताना नोंदणीपत्राचा फोटो काढून ठेवावा, आणि तो पैसे देण्याआधी काढावा. विजेवर चालणाऱ्या दुचाकीला सीसी नसतात. तिथे पॉलिसी किलोवॅटमध्ये बोलते की वेगात, की काहीच बोलत नाही, हे लेखी विचारून घ्यावे लागते.

याहून सूक्ष्म एक भेद आहे आणि तो नेमका तुमच्यासारख्या प्रवाशांना नडतो. काही पॉलिसी सहलीत ‘आनुषंगिक’ म्हणून चालवलेली दुचाकी स्वीकारतात, म्हणजे समुद्रकिनारी गेलेल्या माणसाने दिवसभरासाठी घेतलेली स्कूटर. पण मोटारसायकलवरून केलेला प्रवास हाच सहलीचा मुख्य हेतू असेल तर तो वगळतात. सहा आठवड्यांच्या तुमच्या बेताला आनुषंगिक म्हणता येणार नाही. दोन्ही पॉलिसींत हा शब्द किंवा याच अर्थाचा शब्द आहे का, हे सर्वांत आधी शोधा. एकीत तो सापडला तर तुलना तिथेच संपते.

आता परवान्याकडे वळतो. माझ्या मते मोटारसायकलच्या प्रवास विम्याचा खरा कणा हाच आहे. जवळजवळ प्रत्येक पॉलिसीत अशी अट असते की चालकाकडे ती विशिष्ट गाडी त्या विशिष्ट देशात चालवण्याचा वैध परवाना असला पाहिजे. काही कंपन्या त्यापुढे जाऊन मायदेशातही त्याच वर्गाचा परवाना असावा असे म्हणतात, आणि अशा पॉलिसीत परदेशात चार दिवसांत मिळवलेल्या स्थानिक परवान्याचा उपयोग होत नाही. भाड्याने गाडी देणारा परवाना मागत नाही, वाटेतला पोलीस किरकोळ दंड घेऊन सोडून देतो, आणि प्रवासी समजतो की इथे हे सगळे चालते. रस्त्यावर ते चालतही असेल. पण दावा तपासणारा माणूस रस्त्यावर उभा नसतो, त्याच्यासमोर कायदा आणि कागद असतात.

आंतरराष्ट्रीय वाहन परवाना नावाची जी पुस्तिका मिळते ती स्वतंत्र परवाना नसून तुमच्या मूळ परवान्याचे प्रमाणित भाषांतर आहे. मूळ परवाना सोबत नसेल तर तिला किंमत नाही. शिवाय ती एकाच प्रकारची नसते. एक १९४९ च्या जिनिव्हा करारानुसार दिली जाते आणि तिची मुदत एक वर्ष असते. दुसरी १९६८ च्या व्हिएन्ना करारानुसार दिली जाते आणि ती जास्तीत जास्त तीन वर्षे, पण मूळ परवान्याच्या मुदतीपलीकडे नाही, अशी चालते. कोणता देश कोणती पुस्तिका मानतो हे ठरलेले असते. जपानमध्ये १९४९ ची चालते, १९६८ ची चालत नाही. व्हिएतनाममध्ये याच्या उलट स्थिती आहे: तिथे १९६८ ची ग्राह्य आहे आणि १९४९ ची नाही. तुमचा देश फक्त १९४९ ची पुस्तिका देत असेल तर ती खिशात असूनही व्हिएतनाममध्ये तुम्ही कायद्याच्या दृष्टीने विनापरवाना ठरता, आणि मग पॉलिसीतली परवान्याची अट आपोआप मोडते. मी पाहिलेल्या नामंजूर दाव्यांत हे कारण इतक्या वेळा आले आहे, आणि ते ऐकून प्रत्येक वेळी समोरच्याला इतका धक्का बसला आहे, की देशाची निवड करण्याआधी पुस्तिकेचा करार पाहावा असे मी आता आग्रहाने सांगतो.

पुस्तिकेत ‘ए’ म्हणजे मोटारसायकलच्या वर्गासमोर शिक्का आहे का, तेही उघडून पाहा. मोटारीचा परवाना असलेल्यांना मोटारीच्या वर्गाचा शिक्का मिळतो आणि ‘ए’ ची जागा रिकामी राहते. पुस्तिका हातात आहे एवढ्यावर माणूस निश्चिंत होतो. यातच दुसरी एक चकवणारी गोष्ट आहे. इटली, स्पेन यांसारख्या देशांत मोटारीच्या परवान्यावर, ठरावीक अटींसह, १२५ सीसीपर्यंतची दुचाकी चालवता येते. पण ती सवलत त्या त्या देशाच्या हद्दीपुरती असते आणि सीमा ओलांडली की संपते. जर्मनीत मोटारीच्या परवान्याला जोडून मिळणारा, १२५ सीसीपर्यंतची दुचाकी चालवू देणारा ‘बी १९६’ हा शेरासुद्धा जर्मनीपुरताच आहे. घरी जे कायदेशीर आहे ते परदेशातही असेल, हे गृहीत धरू नये.

तुम्ही दोघे आहात, म्हणून मागे बसणाऱ्याचा विचार स्वतंत्रपणे करायला हवा. मागे बसणाऱ्या व्यक्तीला परवाना लागत नाही, हे खरे. पण चालकाकडे वैध परवाना नसेल तर मागे बसलेल्याचाही दावा नाकारण्याची तरतूद काही पॉलिसींत असते. काहींत ‘चालवणे’ समाविष्ट असते आणि ‘मागे बसून प्रवास करणे’ याचा उल्लेखच नसतो. वाटेत एखाद्या दिवशी जागा बदलायचा विचार असेल तर दोघांचेही परवाने आणि दोघांचेही जोडकलम लागेल. ‘थोडेच अंतर चालवले’ हा युक्तिवाद मी ऐकला आहे. तो टिकलेला पाहिलेला नाही.

हेल्मेट आणि मद्य यांविषयी फार लिहीत नाही, कारण अटी स्पष्ट असतात. फक्त इतके लक्षात ठेवा की ज्या देशात मागे बसणाऱ्याला हेल्मेटची सक्ती नाही तिथेही पॉलिसी ते दोघांनाही बंधनकारक करू शकते, आणि मद्याच्या बाबतीत रस्त्याच्या कायद्यातली मर्यादा व पॉलिसीतली मर्यादा एकच असते असे नाही. भाड्याच्या गाडीबरोबर मिळणारी पातळ टोपी प्रमाणित हेल्मेट मानली जाईलच असे नसते. शक्य असेल तर युरोपीय ‘ईसीई २२’ किंवा तुमच्या देशाच्या मानकाची खूण असलेले स्वतःचे हेल्मेट न्यावे. ते डोक्यासाठीही बरे असते.

उंचीचा मुद्दा तुम्ही स्वतःच काढलात हे चांगले झाले, कारण बहुतेकांना तो सुचत नाही. पॉलिसींत ३०००, ४०००, ४५०० मीटर अशा उंचीच्या मर्यादा असतात. त्या मुळात गिर्यारोहक आणि पदभ्रमण करणाऱ्यांसाठी लिहिलेल्या असतात, पण वाक्यरचना जर ‘इतक्या उंचीवरील कोणताही उपक्रम’ अशी असेल तर डांबरी रस्त्यावरून जाणारी मोटारसायकलही तिच्या कक्षेत येते. ताजिकिस्तानात पामीर महामार्गावरची अक-बैताल खिंड ४६५५ मीटरवर आहे, पाकिस्तान-चीन सीमेवर कराकोरम महामार्गावरची खुंजेराब ४६९३ मीटरवर. तिथे विरळ हवेचा त्रास झाला तर तो ‘आजार’ म्हणून स्वीकारला जाईल की उंचीच्या अपवादात जाईल, हा प्रश्न आधीच विचारलेला बरा. शोध आणि बचाव यांचा खर्च हे पुन्हा वेगळे कलम असते. रुग्णालयापासूनचा खर्च देणारी पॉलिसी दरीतून वर काढण्याचा खर्च देईलच असे नाही.

कच्च्या रस्त्याविषयी असेच. ‘ऑफ-रोड वगळून’ असे लिहिलेले असेल तर नकाशावर दाखवलेला, पण खडीचा असलेला सार्वजनिक रस्ता त्यात मोडतो का? माझ्या वाचनात दोन्ही प्रकारच्या व्याख्या आल्या आहेत. शर्यत, वेळेची स्पर्धा आणि बंदिस्त ट्रॅकवरचे चालवणे मात्र सरसकट वगळलेले असते.

आता त्या खर्चाविषयी, ज्याच्यासाठी मोठी मर्यादा खरोखर लागते. पडल्यावर जवळच्या योग्य रुग्णालयात हलवणे आणि बरे झाल्यावर किंवा स्थिर झाल्यावर मायदेशी आणणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत; बऱ्याच पॉलिसींत दोहोंसाठी वेगवेगळी कलमे असतात. दुसऱ्या कलमात निर्णय कोणाचा, हे पाहा. साधारणपणे तो सहाय्य कंपनीच्या, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने मदतीची व्यवस्था करणाऱ्या संस्थेच्या, डॉक्टरांचा असतो, तुमचा किंवा नातेवाइकांचा नसतो. मोटारसायकलच्या अपघातात हाडे मोडतात, आणि मोडलेल्या हाडांचा माणूस लगेच विमानात बसू शकत नाही. ताजे प्लॅस्टर असेल तर छोट्या उड्डाणासाठी सामान्यतः २४ तास आणि लांबच्या उड्डाणासाठी ४८ तास थांबावे लागते, कारण आत सूज वाढली तर घट्ट प्लॅस्टरने रक्तपुरवठा अडतो. तातडी असेल तर प्लॅस्टर उभे चिरून पाठवतात. बरगडी टोचून फुप्फुसाभोवती हवा साठली असेल तर ती पूर्ण निघून गेल्यानंतरही काही दिवस, कधी दोन आठवडे, विमान प्रवास लांबवावा लागतो. पाय सरळ ठेवावा लागत असेल तर एका प्रवाशाला शेजारच्या जागाही लागतात, आणि झोपवून न्यायचे असेल तर नेहमीच्या विमानात अनेक आसनांची जागा घेऊन स्ट्रेचर बसवावा लागतो, सोबत परिचारिका किंवा डॉक्टर असतो. त्या वाट पाहण्याच्या दिवसांत जोडीदार कुठे राहणार, त्याच्या तिकिटाचे काय, आणि स्वतःची मोटारसायकल परत कोण आणणार? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर प्रवास विमा सहसा देत नाही. गाडीच्या विम्यात किंवा रस्त्यावरील साहाय्याच्या योजनेत ते शोधावे लागते. दोन पॉलिसींची मर्यादा तोलायची ती या कलमांपाशी, मुखपृष्ठावरच्या आकड्यापाशी नाही.

शेंगेन व्हिसासाठी (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून लागणाऱ्या एकाच व्हिसासाठी) विमा घेणाऱ्यांची याच ठिकाणी एक गैरसमजूत होते. त्या व्हिसाला किमान ३०,००० युरोचे वैद्यकीय संरक्षण लागते, ज्यात तातडीचे उपचार आणि मायदेशी परत आणणे येते. व्हिसाची ही अट पूर्ण करणारी पॉलिसी मोटारसायकल संपूर्ण वगळणारी असू शकते, आणि व्हिसा अधिकाऱ्याला त्याच्याशी काही कर्तव्य नसते.

तिसऱ्या पक्षाचा विमा गाडीबरोबर चालतो. स्वतःची गाडी नेणार असाल तर युरोपात आणि आसपासच्या काही देशांत ग्रीन कार्ड पद्धत आहे, म्हणजे तुमच्या गाडीचा तिसऱ्या पक्षाचा विमा दुसऱ्या देशातही चालतो हे दाखवणारे कार्ड. ती १९४९ मध्ये ठरली आणि १९५३ पासून अमलात आली. कार्डावर देशांची अक्षरे छापलेली असतात, आणि ज्यांवर फुली मारलेली असेल त्या देशांत तुमचा विमा चालत नाही. तुर्कस्तान या पद्धतीत आहे, त्याच्या शेजारचा जॉर्जिया नाही. तिथे २०१८ पासून परदेशी वाहनाला सीमेवर किंवा आधी ऑनलाइन स्थानिक विमा घेणे बंधनकारक आहे. पश्चिम आफ्रिकेत ब्राऊन कार्ड आणि पूर्व व दक्षिण आफ्रिकेच्या काही देशांत यलो कार्ड अशा तशाच व्यवस्था आहेत. भाड्याच्या गाडीवर अनिवार्य विमा आहे असे मालक सांगतो तेव्हा तो कशाचा, हे विचारावे. थायलंडमधला अनिवार्य विमा, ज्याला तिथे ‘पो रो बो’ म्हणतात, फक्त माणसांच्या इजेपुरता आणि मर्यादित रकमेचा असतो. समोरच्या मोटारीचा चुराडा झाला तर तो काही देत नाही. भाड्याच्या ठिकाणी पासपोर्ट तारण म्हणून ठेवू नये, रोख अनामत द्यावी. गाडीला ओरखडा उठला तर वाद पैशांवर राहतो; पासपोर्ट अडकला तर रुग्णालयातून परत नेणेच अडते.

उरलेल्या गोष्टी भरभर सांगतो. पॉलिसी निघण्यापूर्वी, मायदेशात असतानाच घ्यावी. प्रवास सुरू झाल्यावर घेता येणाऱ्या पॉलिसी कमी आहेत आणि त्यांत सुरुवातीचे काही दिवस संरक्षणाविना जाऊ शकतात. वर्षभराच्या बहुप्रवास पॉलिसीत एका फेरीला ३० किंवा ४५ दिवसांची मर्यादा असू शकते, आणि तुमचे सहा आठवडे म्हणजे ४२ दिवस होतात. जुने दुखणे, विशेषतः गुडघा किंवा पाठीची जुनी शस्त्रक्रिया, लपवू नका. अपघातानंतर जुने एक्स-रे मागवले जातात. सामानाच्या कलमात हेल्मेट, जॅकेट, बूट हे ‘क्रीडासाहित्य’ म्हणून वगळलेले असतात किंवा प्रत्येक वस्तूला छोटी मर्यादा असते, पण त्यासाठी पॉलिसी बदलावी असे मला वाटत नाही. तुमच्या सरकारने ज्या भागात जाऊ नये असा इशारा दिला असेल तिथे बहुतेक पॉलिसी थांबते, आणि असा इशारा एखाद्या सीमावर्ती जिल्ह्यापुरताही असू शकतो.

तर मग दोन्ही कंपन्यांना एकच ईमेल पाठवा. त्यात गाडीची बनावट आणि सीसी, भाड्याची की स्वतःची, तुमच्या परवान्याचा वर्ग, पुस्तिका कोणत्या कराराची, देशांची नावे, सर्वांत उंच खिंडीची उंची, खडीचे रस्ते असल्याचा उल्लेख, मागे बसणारी व्यक्ती आणि प्रवासाचा मुख्य हेतू मोटारसायकल हाच आहे, हे सगळे लिहा आणि विचारा: या परिस्थितीत अपघात झाला तर वैद्यकीय खर्च व मायदेशी परत आणणे ही कलमे लागू होतील का, आणि कोणत्या कलमानुसार? फोनवरचे ‘हो’ पुढे सापडत नाही. लेखी उत्तर सापडते. उत्तरात कलमाचा क्रमांक असेल तर ती पॉलिसी विचारात घ्या, मग तिची मर्यादा निम्मी असली तरी चालेल, फक्त ती मायदेशी आणण्याच्या खर्चाला पुरणारी हवी. ‘कृपया पॉलिसीच्या अटी पाहाव्यात’ एवढेच उत्तर आले तर तो नकार समजावा. ते ईमेल, दोन्ही परवाने, पुस्तिकेचे ‘ए’ शिक्क्याचे पान आणि सहाय्य केंद्राचा चोवीस तासांचा क्रमांक दोघांच्याही फोनमध्ये ठेवा आणि कागदावर छापून जॅकेटच्या आतल्या खिशातही ठेवा. तातडीचे उपचार सोडून बाकी प्रत्येक गोष्टीला त्या केंद्राची आधी मंजुरी लागते, आणि अपघातानंतर पहिल्या तासात तो क्रमांक शोधणारी व्यक्ती बहुधा तुम्ही नसाल.